भडकीचा फासा

टण्ण.

फासा टॉवेलची कड ओलांडून फरशीवर पडला, दोनदा उसळला आणि फ्रिजखाली जाऊन बसला. टेबलाभोवतीच्या चौघांनी श्वास रोखून आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत पंखा घरघरत होता. पलंग एकदा करकरला आणि गप्प झाला.

"झोपली आहे," आई नुसते ओठ हलवत म्हणाली.

चौघांचाही जीव भांड्यात पडला. तिचा नवरा ओणवा होऊन झाडूच्या दांड्याने फ्रिजखाली ढोसू लागला, कारण फासा त्यानेच उडवला होता.

दर रविवारी दुपारी हा खेळ चालायचा तो मुंगी झोपली असेतोवर. मुंगी म्हणजे त्या दोघांची चार वर्षांची लेक. ती झोपली की खेळ सुरू आणि उठली की संपला, मग राक्षस अर्धा मेलेला असो की पाऊण. म्हणून फासे टाकायला चौघडी घातलेला टॉवेल असे, खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे असत, आणि राक्षसांनासुद्धा कुजबुजतच गर्जना करावी लागे.

राक्षस भाऊजी करायचे. तिचा हा धाकटा दीर खेळ चालवायचा. त्या जगातला पाऊस, वाटा, खलनायक, सरायवाले, सगळे त्याच्या तोंडातून बाहेर पडत. बाकीच्या तिघांकडे एकेक पात्र होतं. नवरा खिसेकापू होता आणि प्रत्यक्षात रिक्षावाल्याशी घासाघीस करायलाही लाजायचा. वरच्या मजल्यावर राहणारी दंतवैद्य मंत्रांनी जखमा भरून काढायची. आणि ती स्वतः कुऱ्हाड चालवणारी योद्धी होती. कागदावर तिचं नाव चांगलं भारदस्त लिहिलं होतं, पण दुसऱ्याच रविवारी सगळे तिला भडकी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं.

पात्र तयार करताना प्रत्येकाने एक दोष पत्करायचा, म्हणजे त्या बदल्यात थोडी जास्त ताकद मिळते. नवऱ्याने उंचीची भीती घेतली. डॉक्टरने खोटं न बोलता येणं घेतलं. हिने यादीवरून बोट फिरवत नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. अनावर राग.

"वहिनी, हा जड जातो बरं का," भाऊजी म्हणाले होते.

"म्हणून तर. मला मुळी रागच येत नाही. जरा नाटक करायला मिळेल."

यावर नवऱ्यानेही मान डोलावली होती. खरंच होतं ते. ती वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसाला साठ माणसं तिच्या कानात ओरडत, आणि ती साठांनाही त्याच मऊ आवाजात सांगायची, "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला तक्रार क्रमांक लिहून घेता का?" हाच आवाज घेऊन ती घरी यायची. सासूबाई फोनवर तासभर सुनावायच्या, तरी हिच्या तोंडातून ब्र निघायचा नाही.

दोषाचा नियम सोपा होता. कुणी भडकीचा अपमान केला, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बारा किंवा जास्त आले, तर ती राग गिळते. कमी आले, तर ताबा सुटतो आणि समोर असेल त्याच्यावर ती कुऱ्हाड घेऊन धावते. भडकीच्या मनात काय आहे, हे विचारायचं नाही. खेळणारीच्याही मनात काय आहे, ते नाही.

आणि फासा हिच्या हातून असा काही पडे की विचारू नका. सरायवाल्याने सूप गार आणलं म्हणून भडकीने आधी सूप आणि मागोमाग सरायवाला खिडकीतून बाहेर टाकला. वाटाड्या तिच्या बुटांना हसला. वाटाड्या आता दरीत आहे. एकदा घोडा तिच्या तोंडावर शिंकला आणि भाऊजींनी खोडसाळपणे तो अपमान धरला. तेव्हापासून सगळे पायी चालत होते.

"तीन आठवडे!" डॉक्टर आज आल्या आल्या म्हणाली होती. "तीन आठवडे आम्ही पायपीट करतोय. माझा भाऊ पलीकडच्या शहरात कोंडलाय. सहा महिने झाले. आता मध्ये एक पूल आहे, फक्त एक पूल. आज ही भडकली ना, तर हिला अलीकडे ठेवून आम्ही पुढे जाणार. वाईट वाटून घेऊ नकोस गं."

"नाही, वाईट कसलं," ती म्हणाली होती, ऑफिसच्या आवाजात.

नवऱ्याने टॉवेलच्या दशा ओढत "बरोबर आहे तसं" म्हटलं. भाऊजींनी हळूच एक नवा कागद तिच्यापुढे सरकवला.

"वहिनी, अगदीच वेळ आली तर तुमच्यासाठी एक आजीबाई करून ठेवलीय. शांत आहे. झाडपाल्याची औषधं देते, सगळ्यांना जेवायला घालते, रात्री पहारा देते."

"भाऊजी, ते मी आठवडाभर करते."

भाऊजी हसले, पण कागद त्यांनी परत घेतला नाही. तो तिच्या कोपराशी तसाच पडून राहिला. तिने तो वाचला नाही. आपल्या जुन्या कागदावर तिने हात ठेवला, जरा जास्तच घट्ट, कारण त्यावर एका कडेला केशरी खडूचे फराटे होते आणि नवऱ्याची नजर तिकडे गेली होती.

"हे काय झालं?"

"काही नाही. मुंगीने काल जरा रंगवलं. तू बाहेर गेला होतास तेव्हा."

आज मुंगी गोष्ट न मागता झोपली होती. स्वतःच चादर ओढून, भिंतीकडे तोंड करून. "काय शहाणी झालीय," नवरा म्हणाला होता.

"सापडला!" नवऱ्याने जाळ्यासकट फासा बाहेर काढला आणि शर्टाला पुसला.

पूल आला. पुलाच्या तोंडाशी एक खिडकी होती आणि खिडकीत एक अधिकारी. भाऊजींनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, खांदे पाडले, आणि त्यांचा आवाज तुपात बुडवल्यासारखा झाला.

"थांबा," डॉक्टर कुजबुजली. "खिडकीपाशी जायच्या आधी मी भडकीच्या कानात कापसाचे बोळे घालते. दोन्ही कानांत. ऐकूच आलं नाही, तर अपमान कसला?"

भाऊजींनी विचार केला. "चालेल. मात्र मागून वाघ आला, तर तोही ऐकू येणार नाही."

"वाघ परवडला," नवरा म्हणाला.

बोळे घातले गेले. अधिकाऱ्याने त्यांना या रांगेतून त्या रांगेत पाठवलं, तिथून परत या रांगेत. अर्ज निळ्या शाईत हवा होता. मग शाई निळी झाली, तर अर्ज कालच्या तारखेचा हवा होता. खिसेकापूने विनवण्या केल्या. खोटं न बोलता येणाऱ्या डॉक्टरने अधिकाऱ्याला त्याच्या दातांविषयी खरं ते सांगितलं, त्याने काम आणखी लांबलं. भडकी कानांत कापूस घालून मागे उभी होती, आणि तिची मालकीण कोपराशी पडलेल्या आजीबाईच्या कागदाकडे न बघता बसली होती.

शेवटी अधिकाऱ्याने चष्म्यावरून भडकीकडे पाहिलं.

"आणि बाई, तुम्ही एवढी कुऱ्हाड घेऊन कुठे निघालात? घरी पोरंबाळं नाहीत का सांभाळायला?"

भाऊजींनी चष्मा वर सरकवला. ते वाक्य आपल्याच तोंडून गेलं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं असावं. पण डॉक्टरने दोन्ही मुठी हवेत उडवल्या.

"कापूस! तिला ऐकूच नाही आलं! फासा टाकायचाच नाही! चला, पुढे!"

तिने फासा उचलला होता.

"टाकते मी."

"अगं, पण भडकीने ऐकलंच नाही," नवरा म्हणाला.

"भडकीने नसेल ऐकलं. मी ऐकलं."

"वहिनी, मी आपलं सहज..."

"तुम्ही नाही बोललात भाऊजी, तो बोलला. खिडकीतला." ती हे अगदी मऊपणे म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

"आणि कमी आले तर?" डॉक्टरने विचारलं.

"तर आजीबाई."

तिने मूठ मिटून हलवली. फासा आत खुळखुळला. तो टाकायला तिने हात पुढे नेला, आणि थांबली.

दारात मुंगी उभी होती. गालावर उशीची घडी उमटलेली, हातात चादरीचं एक टोक, आणि उरलेली चादर मागे पलंगापर्यंत पसरलेली. एरवी उठल्या उठल्या ती धावत येऊन आईच्या मांडीवर चढायची. आज ती खुर्चीपाशी आली आणि एक वीतभर अंतर राखून उभी राहिली.

"मी टाकू?"

"अगं, हे मोठ्यांचं..." नवरा म्हणू लागला, पण तिने फासा मुंगीच्या तळव्यावर ठेवला होता.

मुंगीने दोन्ही हातांनी तो धरला, त्यावर फुंकर घातली, आणि टॉवेलवर टाकला नाही, ठेवला तर नाहीच. सरळ वरून सोडून दिला. फासा थप्पकन पडला, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला.

सतरा.

कुजबुजायचं कारण आता उरलं नव्हतं. डॉक्टर किंचाळली. नवऱ्याने टेबलावर बुक्की मारली आणि कॉफीचा कप सांडला. भाऊजींनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की आजीबाईचा कागद उडून खाली गेला. कुणी तो उचलला नाही.

"बरं, तर भडकी राग गिळते," भाऊजी पुन्हा अधिकारी झाले. "गिळते आणि काय म्हणते?"

यावर ती अडली. सहा महिन्यांत भडकीने राग कधी गिळलाच नव्हता. गिळल्यावर ती कशी बोलते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, खुद्द हिलासुद्धा. मग तिने कानांतले बोळे काढल्याचा अभिनय केला, खिडकीवर कोपर टेकवलं, आणि आपसूक तोच आवाज आला.

"आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या पोराबाळांविषयीची आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आपला तक्रार क्रमांक लिहून घेता का? सात, सात, तीन, शून्य. शून्य लिहिलंत? नाही, गोल काढा. आपण ओळीत अकरावे आहात. तोवर कृपया पूल उघडा ठेवावा."

भाऊजींनी अधिकारी म्हणून तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग ते हसत हसत टेबलाखालीच गेले. पूल उघडला.

"मी तर म्हणते, ही भडकलेली परवडली," डॉक्टर डोळे पुसत म्हणाली. "हे ऐकून माणूस आपणहून दरीत उडी मारेल." मग तिने स्वतःच भडकीचा कागद उचलून हिच्या हातात दिला. "घे. आम्हाला हीच हवी. पण घोडा नवा आला, की तू त्याच्यापासून लांब चालायचं."

तिने कागद घेतला. केशरी फराटे आता तिने नीट पाहिले, कारण काल पाहायचं राहून गेलं होतं. ते फराटे नव्हते. कागदावर छापलेल्या कुऱ्हाडवालीच्या चित्राशेजारी एक बुटकी आकृती होती, दोन वेण्या असलेली, आणि तिचा काडीसारखा हात कुऱ्हाडवालीच्या मोकळ्या हातात होता.

नवरा सांडलेली कॉफी टॉवेलने टिपत होता. भाऊजी आणि डॉक्टर पलीकडच्या शहराचा नकाशा उलगडत होते. मुंगी फासा उलटसुलट करून प्रत्येक बाजू डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती.

"आई, ती बाई का नाही ओरडली?"

"तू सतरा आणलेस ना, म्हणून."

"आणि कमी आले असते तर?"

"तर खूप ओरडली असती."

"तिला आवडतं ओरडायला?"

"नाही गं. ते तिच्या हातात नसतं. फासा टाकायचा, आणि फासा सांगेल तसं."

"म्हणजे ती वाईट नाहीये."

"छे. अजिबात नाही."

मुंगीला हे पटलेलं दिसलं. वीतभर अंतर तिने ओलांडलं, आईच्या मांडीवर चढली, चादरीचं टोक आत ओढून घेतलं, आणि फासा आईच्या तळहातावर मधोमध ठेवून वर पाहिलं.

"मग काल तू माझ्यावर ओरडलीस, तेव्हा किती आले होते?"