भिंतीवरची लाकडी भाकरी

मी एक जुनी लाकडी भाकरी आहे. हसू नका, मित्रांनो. मला कुणी खाल्लं नाही, पण माझ्यावर एक मुलगी लहानाची मोठी झाली. आणि त्याच मुलीने माझा विश्वासघात केला, म्हणून आज तोंड उघडते आहे.

मिरजेत दिलावरमिस्त्री दारं-खिडक्या करत. त्यांची नात मिस्बाह पाचवीत होती आणि अपूर्णांक म्हटलं की ती वही मिटून ठेवायची. अर्ध्यात पाव मिळवायला सांगितलं, की ती वरचे आकडे मिळवी, खालचे आकडे मिळवी आणि 'दोन छेद सहा' असं उत्तर लिहून मोकळी होई. वहीवर लाल फुली यायची. फुली का आली, हे मात्र कुणी सांगायचं नाही. एके दिवशी ती शाळेत जाणार नाही म्हणून आजोबांच्या कारखान्यातल्या लाकडाच्या भुश्शावर रुसून बसली.

मिस्त्रींनी उरलेल्या सागवानी फळीतून सारख्या मापाच्या चार भाकऱ्या कापल्या. एक अख्खी ठेवली. बाकीच्यांपैकी एकीचे दोन, एकीचे चार आणि एकीचे सहा तुकडे केले. या सगळ्यांची मिळून मी. तुकड्यांच्या कडा त्यांनी अशा घासल्या, की लेकराच्या बोटात लाकडाची कूस घुसू नये. आता गणित सांगा, म्हणून नात मागे लागली.

"मला न्हाई त्यातलं कळत," ते म्हणाले. "तूच एकावर एक ठिवून बघ की."

तिने आपल्या उत्तराप्रमाणे माझे सहातले दोन तुकडे उचलले आणि अर्ध्या भाकरीवर ठेवले. ते अर्धीलाही पुरेनात. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. अर्ध्यात भर घातली, तर भाकरी घटली कशी? मग तिने अर्धीवर पावाचे तुकडे मांडले. बरोबर दोन बसले. त्यांच्या शेजारी आणखी एक पाव ठेवला. तीन पाव! ती कितीतरी वेळ तुकडे काढत होती, पुन्हा ठेवत होती.

"माझं चुकलं हुतं, नाना," ती शेवटी म्हणाली. "पण का चुकलं ते आता कळलं."

त्या दिवसापासून तिला चुकायची भीती उरली नाही. उत्तर चुकलं की ती मला ठेवलेल्या पिठाच्या जुन्या पिशवीतून बाहेर काढायची आणि चूक कुठे लपली आहे ते शोधायची. शाळेच्या प्रदर्शनात मला टेबलावर मधोमध जागा मिळाली. मी काळी पडले, कडा झिजल्या, पण त्या झिजण्याचा मला केवढा अभिमान होता!

पुढे मिस्त्री गेले. मिस्बाह लग्न होऊन कऱ्हाडला आली आणि तिने घराच्या पुढच्या खोलीत गणिताची शिकवणी काढली. आता माझ्या अंगाखांद्यावर पोरं शिकतील, म्हणून मी हुरळून गेले. तिने मला पुसलं, नव्याने रंगवलं. आणि मग माझ्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीला सरस लावून मला एका पाटावर कायमचं चिकटवून टाकलं. पाट भिंतीवर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने सांगते, ही आमच्या नानांची आठवण.

मान दिला तिने, नाही कशाला म्हणू? पण ज्या भाकरीचे तुकडे हलत नाहीत, ती कसली भाकरी? शोभेची बाहुली झाले मी.

परवा रूपाली नावाची मुलगी वही घेऊन उभी राहिली. अर्ध्यात पाव, उत्तर दोन छेद सहा. माझा जीव वरखाली झाला. मिस्बाह आता मला उतरवेल, असं मला वाटलं. लाल फुली मारून ती म्हणाली, आधी छेद सारखे कर, मग वरचे मिळव.

"पण मॅडम, छेद सारखे का करायचे?"

"आत्ता 'का' बी इचारू नको. परीक्षा तोंडावर आलीया. पाठ कर."

रूपालीने माझ्याकडे पाहिलं. "त्यो पाव काढून अर्ध्यावर ठिवून बघू का?"

"हात लावू नको. रंग जाईल."

पोरीचा उचललेला हात अर्ध्या वाटेतूनच खाली आला. "समजलं, मॅडम," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मित्रांनो, तिला काही समजलं नव्हतं. मिस्बाहलाही ते दिसलं असणार. भुश्शावर बसलेली पोर ती विसरली असेल, असं मला वाटत नाही. मला तेच तर खातंय.

तेव्हापासून रूपाली काही विचारत नाही. मिस्बाह तिच्या आईला सांगते, पोरगी गुणाची आहे, गप बसून लिहिते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत असं काही चांगलं असेल, तर ते हाताळा, झिजवा. आणि कळलं नसेल, तर कुणाचं मन राखायला 'समजलं' म्हणू नका. मिस्बाह, तुला एकच सांगते. सुताराची पटाशी घे आणि मला उखडून काढ. मोडले तर मोडू दे. त्या पोरीला पाव म्हणजे काय, ते अजून कळलेलं नाही.