काजं आणि उजवा पाय

काळ्या लोकरी कापडाचा वीतभर तुकडा. त्यावर हाताने केलेली सहा काजं.

नाटकमंडळाच्या कपाटात काजं-बटणांवाचून लटकलेले नऊ कोट.

इस्पितळात एकतीस वर्षं एक्सरे काढून, म्हणजे लोकांना "हलू नका" असं दरडावून, निवृत्त झालेली नणंद.

फोटो क्रमांक चौदा: काज कसलं, धुक्यात हरवलेली मुंगी.

हे सगळं एका दुकानात येऊन मिळतं. दुकान शिंपिणीचं. दोन वर्षं तिच्याकडे लोक येत ते पँट आखूड करायला, नाहीतर चेन बदलायला. हातचं काज कोणी मागेना. आणि काल नाटकमंडळाच्या कपडेवालीचा फोन आला: "नमुन्याचा फोटो पाठवा. टाके मोजता आले पाहिजेत. उद्या बारापर्यंत, नाहीतर कोट दुसरीकडे देते."

आता साडेअकरा वाजले होते, आणि फोटोतले टाके मोजायला देवही बसला नसता.

"फोनच भिकार आहे," शिंपीण म्हणाली.

"नाचता येईना..." नणंदेने खुर्चीतून सुरुवात केली.

"पुरे हं, वन्सं. उंटावरून शेळ्या हाकताय, जरा खाली उतरून हाका."

नणंद उतरली. फोन उलटा करून तिने कॅमेऱ्याची काच डोळ्यांजवळ धरली. "अगं वहिनी, खडू, मशीनचं तेल आणि वर अंगठ्याचा ठसा! एवढ्या पुराव्यावर चोर पकडतात."

मलमलीच्या चिंधीने काच पुसली. फोटो क्रमांक पंधरा: तीच मुंगी, आंघोळ करून आलेली.

टेबल ओढून दाराच्या उजेडात आणलं. "कोपरं बरगड्यांना चिकटव. श्वास अर्धा सोड. थांब. आता हळूच दाब."

सोळा: मुंगी पळाली. सतरा: मुंगी आणि तिची बहीण.

पावणेबारा. शिंपिणीच्या तोंडचं पाणी पळालं. "वन्सं, तुम्हीच काढा ना."

"काढते की. पण कोट आले की ती बया रोज फोटो मागणार. तेव्हा मी काय तुझ्या पिशवीत राहू? चल, काढ."

या वेळी मात्र नणंदेने फोनकडे पाहिलंच नाही. माणूस हलतो तो आधी पायाच्या अंगठ्यातून, हे तिने एक्सरेच्या खोलीत हजारदा पाहिलं होतं. ती खाली बघत राहिली.

अठरा.

"वहिनी, तू मशीन चालवतेयस."

"मशीन तिकडे आहे, वन्सं. चष्मा लावा."

"तरी चालवतेयस. बोट बटण दाबतं आणि पाय पॅडल मारतो."

शिंपिणीने खाली पाहिलं. उजवा पंजा इमानेइतबारे जमिनीवर दाबलेला होता. चाळीस वर्षं हात कामाला लागला की पाय लागायचा. त्याला कोण सांगणार की हे शिवण नव्हे?

"मेला पाय!" ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. त्या हसण्यात तीन मिनिटं गेली.

मग नणंदेने थंड इस्त्री टेबलावर उभी केली, तिला फोन टेकवला, समोर कापडाचा तुकडा उभा धरायला दोऱ्याची दोन रिळं लावली. फोनमध्ये दोन सेकंदांची वेळ लावून दिली. "बटण दाब आणि हात मागे घे. फोटो तो आपला आपण काढेल. तोवर तुझ्या पायाला काय नाचायचं ते नाचू दे."

एकोणीस.

दोघींनी बोटांनी फोटो मोठा केला. टाके दाणे मांडल्यासारखे एकाला एक लागून बसले होते.

"पहिल्या काजात सत्तावीस," नणंद म्हणाली.

"अठ्ठावीस. एक कोपऱ्यात आहे."

"आहे खरा. कोपऱ्यातलाही दिसतोय बघ, आणि म्हणे फोन भिकार."

बाराला चार मिनिटं कमी असताना फोटो गेला. सव्वाबाराला उत्तर आलं: "मोजले. सोमवारी कोट घेऊन येते."

आदल्या महिन्यात, हातची काजं करून देते हे सांगायला, शिंपिणीनेच नाटकमंडळाला तीनदा फोन केला होता.