दोन बिलासपूर

साधना गायधनींच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एके काळी बावीस मशीन होती. गंगापूर रोडवरून आत वळलं की एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत क्लास, मागच्या खोलीत साधनाबाई आणि त्यांची आई. सकाळी सातपासून बॅच सुरू व्हायच्या. कॉलेजच्या मुली यायच्या, सातपूरला पहिली पाळी करून आलेले कामगार दुपारी यायचे. साधनाबाई रांगांमधून फिरत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, "तिसऱ्या टेबलावर कोण आहे? करंगळी उचलतेयस तू."

मग कॉम्प्युटर आले. बॅच आटत गेल्या. दोन हजार पाचमध्ये आई गेली आणि दोन हजार सातच्या दिवाळीनंतर एकही विद्यार्थी आला नाही. बाईंचं वय चोपन्न. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ बडोद्याला, त्याचा फोन संक्रांतीला आणि भाऊबीजेला. बाकी दिवसभर बोलायला कुणी नाही. कधी कधी त्या संध्याकाळी दूध घ्यायला गेल्या की दुकानदाराशी बोलताना आवाज घोगरा निघायचा, आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की आज सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

खालच्या गाळ्यात सुवर्णाचा सायबर कॅफे होता. सुवर्णा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई. तीच म्हणाली, "बाई, मशीन भंगारात कशाला देता? नेटवर टाकू. लोक हौसेने घेतात."

तिने फोटो काढले, एका खरेदी-विक्रीच्या साइटवर बाईंच्या नावाने खातं उघडलं. पुण्याच्या एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी दोन मशीन घेतली. एक बंगलोरला गेलं. जानेवारीत चौथं, एक मराठी मशीन, बिलासपूरच्या कुणा देगवेकरांनी घेतलं. बाईंनी ते जुन्या चादरीत गुंडाळून, खोक्यात भुसा भरून, रिक्षाने सातपूरच्या कुरियर ऑफिसात नेऊन दिलं.

दोन आठवड्यांनी सुवर्णाने जिन्यातून हाक मारली. "बाई, तक्रार आलीये."

पडद्यावर लिहिलं होतं की खरेदीदाराला वस्तू मिळालेली नाही. पंधरा दिवसांत पोच दाखवा, नाहीतर व्यवहार रद्द होईल आणि विक्रेता म्हणून तुमचं खातं बंद होईल.

साधनाबाईंचा चेहरा उतरला. वीस-बावीस वर्षांत त्यांनी एका मुलाचाही परीक्षेचा फॉर्म उशिरा पाठवला नव्हता. "म्हणजे मी लबाड?"

"तसं नाही हो बाई. सगळ्यांना हाच मजकूर जातो. आणि हे बघा, कुरियरच्या साइटवर पार्सल पोचलं म्हणून दाखवतंय. त्यांची सहीची पोच आणली की झालं."

पण बाईंना राहवलं नाही. त्यांनी वर जाऊन देगवेकरांना फोन लावला.

"तुम्ही सरळ तक्रार कशी केलीत? आधी विचारायचं नाही का?"

पलीकडून एक थकलेला, पण चिडका आवाज आला. "बाई, मी बारा दिवसांपासून दारात बसून राहिलो. अजून काय विचारायचं?"

"कुरियरवाले म्हणतात पोचलं."

"मग मी काय खोटं बोलून राहिलो?"

दोघांनीही फोन आपटला. तासाभराने देगवेकरांचाच फोन आला. "माफ करा. आवाज चढला माझा. इतक्या दिवसांनी घराबाहेरच्या कुणाशी मराठीत बोललो, तेही भांडलो."

बाईंना हसू आलं. "पोच मागवते मी," त्या म्हणाल्या. "कळवीन तुम्हाला."

कुरियर ऑफिसात भिका आहेर नावाचा सटाण्याकडचा माणूस काउंटरला होता. त्याने पावती उलटीपालटी करून पाहिली. "म्याडम, पार्सल गेलंय ना! आता सहीचा कागद तिकडून यायला टाइम लागतो. फॅक्स मागवतो. मंगळवारी या."

मंगळवारला पाच दिवस होते. त्या पाचही दिवशी देगवेकरांचा फोन आला, बरोबर चार वाजता. पहिल्या दिवशी "काही कळलं का?" एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत अमरावतीहून बिलासपूरला गेले, तेव्हापासून तीन पिढ्या तिथेच. तेही रेल्वेतूनच रिटायर झालेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज काय केलं होतं जेवायला?"

आई गेल्यापासून साधनाबाईंना हे कुणी विचारलंच नव्हतं. "पिठलं," त्या म्हणाल्या. खरं तर त्यांनी सकाळचा चहाच दुपारी पुन्हा गरम करून घेतला होता. चौथ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मेथीची भाजी आणली, निवडली, फोडणीला टाकली आणि चार वाजता सांगितली.

"तिथे मशीन मिळत नाहीत का हो?" बाईंनी एकदा विचारलं.

"हिंदीची ढिगाने मिळतात. पण इथल्या मशीनवर ळ नाही. ळ नसला तर मराठी कसली?"

मशीन कुणासाठी, ते बाईंनी विचारलं नाही. चारलाच फोन का, तेही नाही. एवढंच त्यांच्या लक्षात आलं की पावणेचारला आपण तोंड धुतो, पदर नीट करतो आणि फोनशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतो.

मंगळवारी भिकाने फॅक्सचा कागद दिला. "घ्या. सही बी हाय, शिक्का बी हाय. आता तो माणूस नाय म्हणूच शकत नाय."

बाईंनी तिथेच कागद वाचला. चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सही कुणा ठाकूरची होती. शिक्का फिसकटला होता, पण त्यातली दोन अक्षरं त्यांना दिसली: एच.पी. म्हणजे हिमाचल प्रदेश. देगवेकरांचं बिलासपूर छत्तीसगडचं. कुरियरवाल्यांनी गावाचं नाव बघितलं, पिनकोड बघितलाच नव्हता. मशीन हजार मैल दूर, कुठल्या तरी डोंगरातल्या दुकानात पडून होतं.

तिथेच भिकाला सांगायला हवं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. बसने घरी आल्या, कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवला.

चार वाजता फोन वाजला.

"काही कळलं का?"

"अजून नाही," साधनाबाई म्हणाल्या. "दोन-चार दिवस लागतील म्हणतात."

हे बोलताना त्यांना कसलंच वाईट वाटलं नाही. नंतर भांडी घासताना मात्र हात थांबला. आपण खोटं बोललो. एका परक्या माणसाशी, त्याच्याच वस्तूबद्दल. तरी बुधवारी त्या पुन्हा तेच बोलल्या. प्रकरण मिटलं की फोन कशाला येईल?

गुरुवारी चार वाजून गेले. साडेचार, पाच. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. साडेपाचला फोन आला तेव्हा देगवेकर धापा टाकत होते.

"आज उशीर झाला. आमची ही पलंगावरून खाली येऊन पडली. एकट्याने उचलता येईना, शेजाऱ्यांना बोलावलं."

"काय झालंय त्यांना?"

"नवरात्रात लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. एरवी चारला झोपलेली असते, तेव्हाच मला तुम्हाला फोन करता येतो. अठ्ठावीस वर्षं टायपिस्ट होती बाई ती, रेल्वेच्या ऑफिसात. आता डाव्या हाताची बोटं चादरीवर मारत राहते. आधी मला वाटलं, हात थरथरतो. मग कळलं, टाइप करून राहिली. मी बघत बसतो, पण कुठलं अक्षर ते मला कळत नाही. म्हणून घाई केली. नाहीतर मला कशाची घाई?"

साधनाबाईंनी खणाकडे पाहिलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. उद्या कागद मिळाला म्हणता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "देगवेकर, मला मंगळवारीच कळलंय. पार्सल हिमाचलमधल्या बिलासपूरला गेलं. कागद दोन दिवस माझ्या खणात आहे."

त्या थांबल्या नाहीत.

"सांगितलं असतं तर तुमचे फोन थांबले असते. म्हणून नाही सांगितलं."

देगवेकर म्हणाले, "हिला दूध द्यायची वेळ झाली," आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच बाई सातपूरला दारात उभ्या होत्या. भिकाने शिक्का पाहून कपाळाला हात लावला. "अरे देवा! हे लय लांबचं बिलासपूर. परत फिरवायचं म्हणजे पंधरा दिस कुठंच गेले नाय, म्याडम."

पंधरा दिवस. बाई घरी आल्या. विकायचं नाही म्हणून त्यांनी एकच मशीन बाजूला ठेवलं होतं, त्यांचं स्वतःचं, ज्यावर त्या पहिल्या दिवशी मुलांना बोटं ठेवायला शिकवत. त्यांनी ते पुसलं, तेल घातलं, नवी रिबन बसवली आणि आईच्या जुन्या लुगड्यात बांधलं. खाली जाऊन सुवर्णाला म्हणाल्या, "कलकत्त्याकडे जाणाऱ्या गाडीचं तिकीट बघ. बिलासपूर. छत्तीसगडचं, नीट बघ."

"बाई, तुम्ही एकट्या जाणार? एवढं ओझं घेऊन?"

"एकटीच तर असते."

नाशिकरोडला हमालाने मशीन डब्यात चढवून दिलं. बाईंनी ते पायांशी ठेवलं आणि रात्रभर त्यावर एक पाय टेकवून झोपल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिलासपूर आलं. सायकलरिक्षावाल्याने पत्ता वाचून सरळ रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत आणून सोडलं.

दार उघडणारा माणूस आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा बराच म्हातारा निघाला. अंगात स्वेटर, हातात ओला टॉवेल.

"मी गायधनी. नाशिकची."

देगवेकरांनी गाठोड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "या," म्हणाले. दोघांनी मिळून मशीन आत नेलं.

पलंगावर एक बारीक, गोरी बाई उशांना टेकून बसलेली होती. साधनाबाईंनी जेवायचं टेबल पलंगाशी ओढलं, त्यावर मशीन ठेवलं, कागद चढवला. त्या बाईंनी डावा हात उचलून कळांवरून फिरवला, एखाद्या ओळखीच्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग एक बोट दाबलं. किती तरी वेळ नुसतंच काही उमटत राहिलं, अर्धी अक्षरं, सुटे काने. साधनाबाई शेजारी उभ्या राहून कागद सरकवत होत्या. "सावकाश," त्या म्हणाल्या. "घाई नाही. एका हाताची सवय व्हायला आठवडा जातो."

अर्ध्या तासाने चौथ्या ओळीत सरळ अक्षरं आली.

दूध नको.

देगवेकरांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. "तीन महिने झाले," ते पुटपुटले, "रोज दोन वेळा देऊन राहिलो मी हिला." आणि ते पलंगाच्या कडेला बसून तोंडाला टॉवेल लावून रडले. त्यांची बायको त्यांच्याकडे बघत होती. तोंडाचा एक कोपरा तेवढा वर गेला होता.

साधनाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच एक पातेलं घासत उभ्या राहिल्या.

रात्री त्यांना बाहेरच्या खोलीत गादी घालून दिली. सकाळी चहा पिताना देगवेकर म्हणाले, "तक्रार मागे घेईन मी. ते हिमाचलवालं मशीन परत आलं की तुमच्याकडे ठेवा, हेच राहू द्या आमच्याकडे."

"हो."

"तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही. पण ते दोन दिवसही विसरता येत नाहीत हो मला. ही चादर बडवत होती, आणि तुम्हाला माहीत होतं."

"चादरीचं माहीत नव्हतं," साधनाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण पार्सलचं माहीत होतं. तुमचं बरोबर आहे."

"आता फोन व्हायचे नाहीत माझ्याकडून. रागाने म्हणून नाही. दुपारी ही आता झोपायची नाही. काल दिवे घालवले तरी थांबायला तयार नव्हती."

त्या निघाल्या तेव्हा आतून टकटक चालूच होती. करंगळी उचलली जात होती, ते त्यांना बाहेरूनही कळलं. सांगायला त्या आत वळल्या नाहीत. देगवेकरांनी फाटकाशी एक वर्तमानपत्रात बांधलेली पुडी हातात दिली.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाकावर एक मोठं कुटुंब होतं, त्यांचे डबे, बाटल्या, पत्ते सगळीकडे पसरलेले. त्यांतल्या आजीबाईंनी विचारलं, "बिलासपूर में कौन है आपका?"

साधनाबाईंनी थोडा विचार केला. "कोई नहीं," त्या म्हणाल्या.

आजीबाई आपल्या नातवंडांकडे वळल्या. गोंदिया गेल्यावर साधनाबाईंनी पुडी सोडली. आत चार पोळ्या होत्या, एका कडेला करपलेल्या, वाकड्यातिकड्या, पुरुषाच्या हाताच्या, आणि वर लोणच्याची फोड. त्यांनी चारही पोळ्या सावकाश खाल्ल्या, कागद झटकला, घडी केला आणि पिशवीत ठेवून दिला. बाहेर शेतं मागे जात होती. नाशिकला पोचायला अजून बारा तास होते.