चांद्यासाठी घर बघताना

ऊस तुटून गेला की पलटणीतून पेन्शनीवर आलेले नानासो आपल्या रिकाम्या रानात बनाबाईची मेंढरं बसवायचे. मेंढरांनी रान खतवायचं, नानासोंनी जोंधळा द्यायचा. यंदा मात्र नानासोंचं चित्त खतात नव्हतं, चांद्यात होतं. चांद्या म्हणजे कळपाचा राखणदार कुत्रा. वासराएवढं धूड, कपाळावर पांढरा टिकला, आणि चाल अशी की सातबारा त्याच्याच नावावर असावा.

"मावशी, ह्यो मला द्या. घराला राखण, मला सोबत."

"लेक देताना बी आदी घर बघत्यात," बनाबाई म्हणाली. "बघू तरी."

दुसऱ्या दिवशी ती चांद्याला घेऊन माधवनगरात नानासोंच्या घरी आली. नानासोंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गुळगुळीत दाढी केली होती.

"आवं, माझ्या टायमाला एवढी घोटली न्हवती," सोप्यात शिलाई मशीनवर बसलेली त्यांची बायको मंगल म्हणाली. बनाबाईपुढं तिनं पोहे ठेवले.

बनाबाईनं अंगण बघितलं, पाणी बघितलं, सावली बघितली. "आन फाटक?"

"उघडंच असतं. हिच्याकडं बायका येत्यात, कापडं शिवायला."

तेवढ्यात रेश्मा आली. चांद्यानं हुंगलं, आत सोडलं. मग साळूबाई, मग लेकराला कडेवर घेऊन क्रांती. सगळ्यांना हुंगलं, सगळ्यांना सोडलं. नानासोंची छाती फुगली. "बघा मावशी, कसा माणसाळलाय."

बनाबाई पोहे खात राहिली.

माप देऊन रेश्मा उठली, तसा चांद्याही उठला आणि उंबऱ्यावर आडवा झाला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. ती डावीकडं सरली, तोही डावीकडं सरला.

"फौजी, माझी आमटी ग्यासवर हाय वो."

साळूबाई मागच्या दारानं निसटली. चांद्यानं वळसा घातला आणि तिच्या पदराला नाक लावत तिला परत सोप्यात आणून सोडलं. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या.

"आत घेतलं त्ये त्याच्या कळपातलं झालं," बनाबाई म्हणाली. "आता एक बी हलू द्याचा न्हाई."

"फाटक लावून ठिवलं तर?" नानासोंनी विचारलं.

मंगलचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. 

नानासोंनी चांद्याकडं बघितलं. रानात बांधावर हनुवटी टाकून निवांत पडणारा हा गडी इथं धापा टाकत होता. फाटक करकरलं की उठायचा, कुणी हललं की उठायचा. फाटक लावलं तर मंगलचं शिवणकाम बंद, न लावलं तर ह्याला चैन न्हाई.

"न्हाई मावशी," ते हळूच म्हणाले. "ह्याला आमचं घर मानवायचं न्हाई."

मशीन पुन्हा खडखडलं.

"मी बी नकारच देणार हुते," बनाबाई म्हणाली. "पर पोहे संपल्यावर."

तिनं जिभेनं टकटक केलं. चांद्या उठून तिच्यामागं निघाला आणि बायका घरोघर पांगल्या.

पण नानासोंना घरात करमेना. दुसऱ्या दिवशी ते रानात गेले, मेंढरांभोवती लावलेल्या जाळीपाशी बसले. चांद्यानं हुंगलं, आत घेतलं. दिवस कलला तशी बनाबाईनं तव्यावर भाकरी टाकली. नानासो घरी जायला उठले, तर चांद्या पायांत आडवा.

त्यांनी मंगलला फोन लावला. "ह्यो मला सोडंना गं."

"मग बसा की तितंच," मंगल हसत म्हणाली. "एकदाचं कुणीतरी तुमाला राखतंय."

नानासो बसले. चांद्यानं बांधावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.