डोळे धुणारा नळ

मी एक जुना नळ आहे, पण मित्रांनो, माझ्या पाण्याने आजवर कुणाची तहान भागलेली नाही. इतर नळांची तोंडे खाली असतात, माझी दोन्ही तोंडे वर. खाली पसरट भांडे आणि बाजूला एक रुंद पिवळी पट्टी. ती ढकलली की दोन मऊ धारा कारंज्यासारख्या उडतात. डोळ्यांत रसायन गेले तर ते धुऊन काढायचे, एवढ्यासाठीच मला घडवले गेले.

मला बसवले ते बिजागऱ्यांना चकाकी देणाऱ्या कारखान्यात. तिथे तेल काढण्यासाठी बिजागऱ्या कॉस्टिक सोड्याच्या गरम हौदात बुडवत. हौदावर दोघी काम करत, नणंद आणि भावजय. भावजय अबोल. नणंदेची जीभ मात्र हौदातल्या पाण्याहून झोंबरी!

पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझे कौतुक केले. मग माझ्यावर ओले हातमोजे वाळत पडू लागले. जागा अपुरी म्हणून नणंद मालाचा हातगाडा माझ्यापुढेच लावू लागली.

एकदा सुरक्षेचे प्रशिक्षण देणाऱ्या ताई आल्या. त्यांनी फळ्यावर काही लिहिले नाही. पिशवीतून कापडाची पट्टी काढली आणि म्हणाल्या, "डोळ्यांत थेंब गेला की डोळे उघडत नाहीत. म्हणून एकेकानं डोळे बांधून हौदापासून या नळापर्यंत यायचं."

"म्हणजे आंधळी कोशिंबीर!" नणंद हसली. "वहिनी, सांभाळून हं, मुकादमांना पकडाल!"

तिची पाळी आली. ती ऐटीत निघाली आणि धाडकन गाड्यावर आदळली.

"अगं बाई! हा गाडा कुणा मेल्यानं इथं लावला?"

"तुम्हीच, वन्सं," भावजय हळूच म्हणाली.

सगळे पोट धरून हसले. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढची जागा कायमची मोकळी करून घेतली आणि बजावले, "कॉस्टिकची आग थांबली तरी त्याचं काम आत चालूच असतं. बरं वाटलं तरी किमान वीस मिनिटं धुवायचं. मग दवाखाना."

काही महिन्यांनी, एका दुपारी, भावजयीचा संरक्षक चष्मा वाफेने धूसर झाला. तिने तो क्षणभर कपाळावर चढवला आणि नेमकी तेव्हाच बिजागऱ्यांनी भरलेली जाळीदार टोपली हातातून निसटली. हौदातले पाणी उसळले. ती किंचाळली.

नणंद हौदाच्या पलीकडे होती. ती धावत येईपर्यंत भावजय मिटल्या डोळ्यांनी, भिंत चाचपत, माझ्यापर्यंत पोहोचलीही होती. नणंदेने पट्टी ढकलली, हातमोजे भिरकावले, हात धुतले आणि तिच्या पापण्या बोटांनी उघड्या धरल्या.

"गाडी दारात आहे, चला लवकर!" मुकादम ओरडले.

"आता झोंबत नाही, वन्सं," भावजय म्हणाली. "जाऊ या ना."

नणंदेने दाराकडे पाहिले. काही बरेवाईट झाले तर भावाला काय सांगायचे? पण तिने हात काढला नाही.

"गाडी थांबेल, मुकादम. वहिनी, मिटायचे नाहीत डोळे. हव्या तर शिव्या द्या मला."

"येत नाहीत मला शिव्या."

"नंतर शिकवते. आधी इकडे बघा!"

मी धारा अखंड चालू ठेवल्या. वीस मिनिटे उलटल्यावर दोघी ओल्याचिंब होऊन गाडीत बसल्या.

पुढचे दिवस जड गेले. भावजयीच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि दृष्टी किती वाचली, हे डॉक्टरही सांगत नव्हते. नणंदेची जीभ गप्प झाली. रोज सकाळी येऊन ती माझी पट्टी ढकलून पाही, पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबे आणि मुकाट्याने कामाला लागे.

एके सकाळी दोघी बरोबर आल्या. भावजय माझ्यापुढे वाकली. तिने डोळे बारीक केले.

"वन्सं, याच्या कडेला गंज चढलाय बघा. बारीक आहे, पण आहे."

नणंदेने ब्रश आणला आणि मला घासता घासता ती हमसून रडली.

मित्रांनो, माझा दोष कुणाला दिसला म्हणून मी इतका कधीच सुखावलो नव्हतो. जिची गरज कधी पडू नये असे वाटते, त्या वस्तूची काळजी रोज घ्यावी लागते. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझा एखादा भाऊ असेल. त्याला एकदा चालवून दाखवा, असे बाईंना किंवा सरांना म्हणा. आणि पाणी आलेच नाही, तर तो दुरुस्त होईपर्यंत त्यांची पाठ सोडू नका.