ठिपकेमास्तरांचं पेन

विद्यापीठातल्या गणिताच्या मास्तरांना ते राहत ती अख्खी इमारत ठिपकेमास्तर म्हणायची. त्यांचं कामच तसं: कागदावर माणूस म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे रेघ, आणि कुणाची रेघ कुणाला जोडायची ते फासे टाकून ठरवायचं. मग त्या जाळ्यात खोटाखोटा रोग सोडायचा आणि तो कुठवर पळतो ते बघत बसायचं. या उद्योगाचा त्यांना पगार मिळे.

इमारतीत डोळ्यांची साथ आली, तेव्हा लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, साथ सरल्याशिवाय मी बाळाला आणणार नाही." मास्तरांनी नातीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. ते इरेला पेटले. आता फाशांवर भागणार नव्हतं. खऱ्या रेघा हव्या होत्या.

पहिला रोगी सगळ्यात वरच्या मजल्यावरचा शिंपी. काळा चष्मा लावून बसला होता.

"दादा, हे इमारतीतल्या माणसांचे ठिपके. तुमचं कुणाकुणाकडे येणंजाणं? मारा या कागदावर रेघा."

शिंप्याने डोळे पुसले, मास्तरांचं पेन घेतलं, रेघा मारल्या. पेन परत घेऊन मास्तर विचारात पडले आणि विचारात पडले की ते डोळा चोळत. मग एकेक दार वाजवत ते खाली उतरले. प्रत्येकाच्या हातात तेच पेन.

आठवड्याभरात घरोघरी काळे चष्मे. लालभडक डोळ्यांनी मास्तर कागदावर वाकले आणि ओरडले, "अगं, सापडलं! साथ या रेघांवरून जातच नाही. जिन्याने उतरतेय, वरून खाली, दारामागून दार!"

"जिन्याने दारोदार उतरलं कोण?" बायकोने विचारलं. "आणि यात तुमचा ठिपका कुठाय?"

"माझा कशाला? मी नुसता मोजणारा."

"हो ना. यमसुद्धा मोजायलाच येतो."

मास्तरांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं आणि विंचू झटकावा तसं ते झटकलं. बायकोने ते चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकलं.

शेवटी लेकीलाच बापाची दया आली. पण ती आली फाटकापर्यंतच. तिथूनच तिने बाळ उंच धरलं. मास्तर बंद खिडकीच्या काचेला नाक लावून, काळा चष्मा चढवून उभे. ते ध्यान बघून नातीने असं काही भोकाड पसरलं, की मजल्यामजल्यावरच्या खिडक्या उघडल्या आणि काळे चष्मे बाहेर डोकावले.

"मास्तर, पोरगी तुमच्यावर गेलीय!" शिंपी वरून ओरडला. "एका दमात सगळ्या घरांत पोचली!"