पहिलं कुंकू

"भागिरथीनं? मला?" राहीबाईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"व्हय. उद्या हळदीला यायचं," म्हणत चांगुणानं काठी भिंतीला टेकवली आणि तिला कुंकू लावलं.

देवळाली प्रवरेत लग्नघरची बोलावणी दारोदार तोंडी द्यायची, हे काम चांगुणाचं. बोलावणं राहिलं, तर ते घर वर्षभर फुगून बसे. पण एकाहत्तर सालापासून तिचे पाय लटपटू लागले, ऐकलेली नावं डोक्यात ठरेनात. पुण्याच्या डॉक्टरनं आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस असं सांगितलं. ते तिच्या नवऱ्याच्या, सहादेवाच्याही लक्षात राहिलं नाही, आणि त्याला तर काहीच झालेलं नव्हतं. "ऐकलेलं बसायला वेळ लागेल. पुन्हापुन्हा सांगा, मग बसेल," एवढं मात्र दोघांनी लक्षात ठेवलं.

लेकीच्या लग्नाला भागिरथीनं सगळी नावं एका दमात, एकदाच सांगितली. वर बजावलं, "आन् राहीबाईला न्हाई हं! माजं तांब्याचं पातेलं दाबून बसलीय. राहीबाईला सांगायचं न्हाई. ध्यानात ठिव, चांगुणे, राहीबाई! चुकलीस तर फुडची बोलावनी आक्काबाईकडं."

बाकीची नावं अर्ध्या वाटेत सांडली. तीनदा ऐकलेलं नाव मात्र पक्कं बसलं. 'न्हाई' तेवढं निसटलं. चांगुणा सगळ्यात आधी राहीबाईच्याच दारी गेली. मग कुणी राहायला नको म्हणून दिसेल त्या घरात शिरून बोलावत सुटली.

दुसऱ्या दिवशी राहीबाई डोक्यावर पातेलं घेऊन मांडवात हजर. भागिरथीनं चांगुणाकडं असं पाहिलं, की नवरीच्या आधी चांगुणाच पिवळी पडली.

राहीबाईनं पातेलं खाली ठेवलं. "पहिलं कुंकू मला धाडलंस, भागिरथे. मग हात हालवत कशी यिऊ?"

भागिरथीनं पातेल्याकडं पाहिलं. जमलेल्या बायकांकडं पाहिलं. "मंग! तुजं नाव मी चांगुणाला तीन-तीनदा सांगितलं हुतं. इचार तिला."

यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या लग्नाची बोलावणीही चांगुणाकडेच आली. आता कुंकवाचा करंडा घेऊन राहीबाई बरोबर असे. वाटेत चांगुणाकडून पुढच्या घरचं नाव घोकून घेई, पण दारात दोन पावलं मागं थांबे. चांगुणा उंबऱ्याशी काठी टेकी. ओठ हलत, नाव येत नसे. राहीबाईला ते ठाऊक असे, तरी ती तुळशीकडं बघत राही. आणि घरची बाई कपाळ पुढं करून, डोळे मिटून, नाव येईपर्यंत उभी असे.